फुप्फुसाच्या कर्करोगातील मूलपेशी

कर्करोगाच्या गाठीतील ज्या मोजक्या पेशी स्वतःसारख्या नव्या पेशी घडवतात आणि गाठीतील इतर पेशींनाही जन्म देतात, त्यांना कर्करोग मूलपेशी म्हणतात. केमोथेरपीने गाठ आक्रसल्यावरही त्या तग धरतात व त्यांच्यापासून रोग उलटतो, अशी ही उपपत्ती आहे.

टोरांटो येथील जॉन डिक यांच्या गटाने १९९४ मध्ये रक्ताच्या कर्करोगात अशा पेशी दाखवल्या. फुप्फुसाच्या बाबतीत २००५ मध्ये कार्ला किम, टायलर जॅक्स व सहकाऱ्यांनी उंदरांत, सूक्ष्म श्वासनलिका वायुकोशांना मिळतात तेथे, गाठीचा उगम ठरू शकतील अशा मूलपेशी वर्णिल्या. २००८ मध्ये इटलीतील संशोधकांनी रुग्णांच्या गाठींतून सीडी १३३ हे प्रथिन धारण करणाऱ्या पेशी निवडल्या. प्रतिकारशक्ती दुबळी असलेल्या उंदरांत त्या टोचल्यावर मूळ गाठीसारखीच गाठ वाढली. मात्र हे प्रथिन नसलेल्या पेशींपासूनही गाठ होते, असे पुढे आढळले. सीडी ४४ व अल्डिहाइड डीहायड्रोजनेज या खुणाही तितक्याच बेभरवशाच्या आहेत. शिवाय उंदरात गाठ रुजते की नाही हे उंदरावरही अवलंबून असते, ही या कसोटीची मोठीच उणीव.

या पेशी सावकाश विभागतात आणि पेशीपटलावरील प्रथिनांच्या पंपांनी औषध बाहेर फेकतात. परंतु त्यांची वेगळी, कायमची जात मानणे कठीण आहे. ईजीएफआर जनुकात बदल असलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगपेशींवर २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत औषधातून वाचलेल्या थोड्या पेशी औषध थांबवल्यावर पुन्हा त्याच औषधाला दाद देऊ लागल्या. म्हणजे मूलपेशीपण ही बहुधा एक अवस्था आहे. पेशी तीत शिरते आणि बाहेरही पडते.

उपचारांत या कल्पनेची सर्वांत महागडी परीक्षा लघुपेशी कर्करोगात झाली. हा प्रकार सुरुवातीला केमोथेरपीने झपाट्याने ओसरतो आणि बहुतेकदा काही महिन्यांत परततो. त्याच्या गाठ निर्माण करणाऱ्या पेशींवरील डीएलएल ३ या प्रथिनावर नेम धरणारे रोव्हालपिटुझुमॅब टेसिरिन हे औषध मिळावे, म्हणून अ‍ॅबव्ही कंपनीने २०१६ मध्ये स्टेमसेंट्रिक्स ही कंपनी अब्जावधी डॉलर मोजून घेतली. मोठ्या चाचण्यांत औषध अपयशी ठरले आणि २०१९ मध्ये त्याचा विकास थांबला. त्याच प्रथिनाला धरून रोग्याच्या टी पेशींना गाठीशी भिडवणाऱ्या टारलाटामॅबला अमेरिकेत मे २०२४ मध्ये मान्यता मिळाली. पण डीएलएल ३ लघुपेशी गाठीतील बहुसंख्य पेशींवर असते. त्यामुळे हे यश मूलपेशींच्या उपपत्तीचा पुरावा ठरत नाही.