दौलताबादेची द्राक्षवेल

अंतरवाली सराटीसारख्या जालना जिल्ह्यांतील गांवीं परसांत द्राक्षवेल लावणें ही पुष्कळांस नवी हौस वाटते. परंतु त्याच मराठवाड्यांतील दौलताबादेची द्राक्षें वर्षांतून दोनदां येतात, असें इ. स. १३४२ च्या सुमारास तेथें आलेल्या इब्न बतूतानें नमूद केलें आहे. दोनदां कशीं? थंड देशांत वेल हिवाळ्यांत पानें गाळून निजते. आपल्या उष्ण हवेंत ती सारखी वाढते, आणि छाटली कींच नव्या फुटव्यावर घड धरते. सावलीच्या लोभानें वेलीस कातर न लावणारे गृहस्थ दोष मात्र जमिनीस देतात! एप्रिलच्या छाटणीचे घड पावसांत आंबट राहतात, कुजतात. म्हणून हल्लींचे बागाईतदार तिच्यापासून केवळ काडी तयार करून घेतात व ऑक्टोबरांत पुन्हां छाटून माघ-फाल्गुनांत एकच गोड बार उतरवितात.