चीन घाटघरला येतो तो जुन्नरच्या बाजारातून

वैशाखऱ्याहून चढताना तुम्ही नाणेघाटाच्या गुहेपाशी दम खाता. भिंतीवर ब्राह्मी ओळी आहेत: सातवाहनांनी कोणते यज्ञ केले, किती गाई, किती घोडे, किती कार्षापण दान दिले, त्याचा पाढा. कोकणातून माल चढवणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेला पडावा अशाच जागी तो कोरला आहे. सत्तेने आपली बातमी आपणच लिहावी आणि रहदारीच्या वाटेवर लावावी, ही रीत इथे दोन हजार वर्षांची. पुढची नळी चढून, जकातीचा दगडी रांजण मागे टाकून पठारावर पाऊल ठेवता, तो थेट १९६२च्या ऑक्टोबरात.

पर्यटकांच्या गाड्या नाहीत, भज्यांच्या टपऱ्या नाहीत. जीवधन तेवढा जागच्या जागी. खाचरांत भात पिवळं पडलंय, बांधावर सोनकी अजून टिकून आहे. घाटघरच्या पहिल्याच घरासमोर एक म्हातारबा विळ्याला धार लावत बसलेत.

"पाव्हणं कुठलं म्हनायचं?"

"पुण्याकडचा," तुम्ही म्हणता. साल सांगायची सोय नाही.

"मग बसा. गुर्जी आत्ता बाजारातनं आल्यात. पेपर वाचायचाय."

पडवीत दहाबारा माणसं जमली आहेत. भिंती कारवीच्या कुडाच्या, शेणाने सारवलेल्या, आणि जिथे सारवण फुटलंय तिथे जुने पेपर चिकटवलेले. एका पानावर नेहरू आणि चौ एन-लाय शेजारी-शेजारी उभे राहून हसताहेत. शाई उडालीय, पण दोघांचे दात दिसतात. हे पान १९५४च्या पंचशील कराराच्या वेळचं की चौ १९५६मध्ये पुन्हा आले तेव्हाचं, ते कळत नाही, कारण तारखेचा कोपरा वाळवीने खाल्लाय. "हे काढायचं नाही का आता?" तुम्ही विचारता. गुरुजी म्हणतात, "काढलं तर वारा आत येतो."

जुन्नरहून आलेला अंक तेरा ऑक्टोबरचा आहे, बाजाराच्या पिशवीत मिठाला गुंडाळून आलेला, म्हणजे चारपाच दिवसांचा शिळा. पण घाटघरला तो ताजाच. आदल्या दिवशी पंतप्रधान कोलंबोला निघाले असताना पालम विमानतळावर पत्रकारांनी त्यांना गाठलं. आपला प्रदेश मोकळा करा अशी सैन्याला सूचना दिली आहे, असं ते म्हणाले. दिवस ठरवणं सैन्याचं काम, असंही म्हणाले. छापताना पहिलं वाक्य मोठ्या टायपात गेलं आणि दुसरं बातमीच्या पोटात. गुरुजी मोठा टाईप मोठ्याने वाचतात. पडवीत कुणीतरी मांडीवर थाप मारतं.

तुमची जीभ वळवळते. चीनच्या सीमेवर नामकाचू नदीच्या काठी आपली एक ब्रिगेड सुती कपड्यांत आणि कॅनव्हासच्या बुटांत थंडीत कुडकुडतेय, हे तुम्हाला ठाऊक आहे. अंकात ते नाही. चौदा तारखेला पेकिंगच्या 'पीपल्स डेली'ने नेहरूंचं हेच बोलणं धरून अग्रलेख लिहिला, तेही इथे कुणाला कळायची शक्यता नाही. निघताना एका माणसाने केलेलं बोलणं दोन देशांच्या छापखान्यांतून गेलं, आणि दोन्हीकडच्या वाचकांना ते त्यानंतर बोलणं वाटलंच नाही. वीस तारखेला पहाटे तोफा सुरू होतील.

म्हातारबा मधेच विचारतात, "गुर्जी, ह्यो चिनी मानूस दिसतो कसा?"

गुरुजी जरा अडखळतात. त्यांनी चिनी पाहिला तो व्ही. शांतारामांच्या पडद्यावर: 'डॉ. कोटनीस की अमर कहानी', १९४६. आपले सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस, १९३८मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तिथल्या जखमी सैनिकांची सेवा करता करता ९ डिसेंबर १९४२ला तिथेच वारले. सिनेमातली त्यांची चिनी बायको म्हणजे आपली जयश्री, डोळे रंगवून. घाटघरच्या वाट्याला आलेला सगळ्यात जवळचा चिनी माणूस मराठी होता, हे मला फार बोलकं वाटतं. या घाटाने परदेशी माणसं पाहिली नव्हती असं थोडंच आहे? जुन्नरच्या लेण्यांत इरिल, चिट, चंद या यवनांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. ती माणसं इथे देहाने वावरली होती, कुणीतरी त्यांच्याशी घासाघीस केली असणार. चीन मात्र आला तो नुसता कागदावर. भाऊ म्हणून आला तोही त्याच टायपात आणि वैरी म्हणून आला तोही. ताडून पाहायला हाताशी दुसरं काही नव्हतं. संपादक खोटं लिहीत होते असं मी म्हणणार नाही. तेही दिल्लीहून येणाऱ्या तारांवरच विसंबून होते.

दिवाळीच्या तोंडावर तवांग चिन्यांच्या हाती पडतं. मशीद बंदरावर हमाली करणारा गावचा पोरगा मुंबईहून घाट चढून येतो, काखेत आचार्य अत्र्यांचा 'मराठा'. आता गावात दोन पेपर, एक पुण्याच्या बाजूचा, एक मुंबईचा. अत्रे रागावले की विशेषणांची कमतरता पडत नसे, त्यामुळे पडवीची पसंती अर्थातच 'मराठा'ला. पोरगा मात्र ऐकता ऐकता म्हणतो, "माजगावात हायेत की चिनी. त्यांचं देऊळ हाय. आमच्या मुकादमानं दात काढला तो चिन्याकडनंच."

"मग त्यो बी लढाया गेला?" एक आजी.

"त्यो कशाला जातोय आजी? त्यो हितलाच."

पडवी क्षणभर गप्प. मग गुरुजी पुढची बातमी घेतात, कारण त्या दातवाल्याची बातमी कुठल्याच पेपरात नसते. पुढे आसाम-बंगालकडच्या हजारो चिनी वंशाच्या माणसांना, बायकापोरांसकट, राजस्थानातल्या देवली छावणीत नेऊन ठेवतील. त्यांतले कित्येक इथेच जन्मलेले. मोठा टाईप त्यांनाही मिळणार नाही.

नोव्हेंबर. भात झोडून झालंय. पेपरात संरक्षण निधीला दागिने दिल्याच्या बातम्या आहेत, कम्युनिस्टांच्या धरपकडीच्या आहेत, कृष्ण मेनन यांचं संरक्षणमंत्रिपद गेल्याची आहे. मग बोमडिला पडल्याची. आणि शेवटी बाजारातून तो अंक येतो, ज्यात एकवीस तारखेच्या दोन बातम्या एकत्र आहेत: यशवंतराव चव्हाणांनी संरक्षणमंत्री म्हणून शपथ घेतली, आणि चीनने आपणहून शस्त्रसंधी जाहीर केली. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाचताना गुरुजींचा आवाज भरून येतो. सह्याद्रीच्याच माथ्यावर बसलेल्या या माणसांची मान ताठ होते. ते खोटं नाही, तुम्हीही शहारता.

"म्हंजी आपन जिकलो?" म्हातारबा विचारतात.

गुरुजी पान उलटतात. मागचं पाहतात, आतलं पाहतात.

"थांबलंय," ते म्हणतात.

"थांबलं ते कळलं हो. जिकलं कोन?"

गुरुजी अंक पुन्हा पहिल्या पानावर आणतात. तुमच्याकडे कुणी पाहत नाही हे बरंच आहे. पोरगा विषय बदलतो: चव्हाणसाहेब दिल्लीला गेले तर आता मुख्यमंत्री कोण? याचं उत्तर पेपरात सापडतं, मारोतराव कन्नमवार, आणि कन्नमवार कुठले यावर पडवीत वाद सुरू होतो.