उच्चतर हवेतील वाऱ्यांचे सांकेतिक निवेदन
भूपृष्ठाच्या वर निरनिराळ्या उंचींवर वाहणाऱ्या वाऱ्यांची दिशा व वेग ठराविक अंकगटांत मांडून ते इतर हवामान केंद्रांना कळविण्याची पद्धती. मराठवाड्यातील नांदेड, लातूर ह्यांसारख्या जिल्ह्यांच्या दृष्टीने ह्या पद्धतीला विशेष महत्त्व आहे. हा प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. तेथील पावसाचा अंदाज करताना वरच्या थरांतील वारे पाहावे लागतात आणि त्यांचे वेध नागपूर, हैदराबाद, मुंबई व गोवा अशा दूरच्या ठिकाणांहून येतात. त्यामुळे नांदेडच्या शेतकऱ्याला मिळणारा अंदाज परगावाहून आलेले अंक बिनचूक असण्यावर बऱ्याच अंशी अवलंबून असतो.

वेधांचा प्रारंभ : भारतीय हवामानशास्त्र विभाग १८७५ मध्ये स्थापन झाला. प्रारंभी त्याचे वेध भूपृष्ठापुरते मर्यादित होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जे. एच्. फील्ड ह्यांनी कराची व बेळगाव येथे पतंगांना उपकरणे बांधून वरच्या हवेचे वेध घेतले. पतंग उडण्यास पुरेसा वारा लागतो आणि तारेच्या लांबीमुळे त्याची उंचीही मर्यादित राहते. पुढे आग्रा येथे ह्या कामासाठी स्वतंत्र वेधशाळा उभी राहिली आणि पायलट फुग्यांचा उपयोग वाढला. हायड्रोजन भरलेला रबरी फुगा साधारणतः ठराविक गतीने वर चढतो. दर मिनिटाला थिओडोलाइटाने त्याचे दिगंश व उन्नतांश कोन मोजले की, तो कोणत्या दिशेने किती सरकला हे त्रिकोणमितीने काढता येते. हे सरकणे म्हणजेच त्या थरातील वारा होय. रात्री फुग्याखाली दिवा टांगत असत.

विमानवाहतुकीमुळे ह्या वेधांची निकड वाढली. लंडन–कराची हवाई टपाल १९२९ मध्ये आणि जे. आर. डी. टाटा ह्यांची कराची–मुंबई सेवा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सुरू झाली. विभागाचे मुख्य कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले होते. तथापि पायलट फुग्यात एक मूलभूत उणीव होती. मॉन्सूनमध्ये, म्हणजे वेधांची सर्वाधिक गरज असतानाच, तो अल्पावधीत ढगांत दिसेनासा होई. रेडिओसाँड, रेडिओ थिओडोलाइट व रडार ह्यांच्या उपयोगाने ही उणीव दूर झाली. पुण्यात एस्. पी. वेंकटेश्वरन् ह्यांनी पंखा प्रकारचे भारतीय रेडिओसाँड विकसित केले.

अंकगटांची रचना : हे वेध काही तासांतच उपयोगी पडावयाचे असल्याने ते तारेने पाठवीत. तारेत पाच अंकांचा गट एक शब्द धरला जात असल्यामुळे कमीत कमी गटांत अधिकाधिक माहिती बसविणे आवश्यक ठरले. जागतिक हवामानशास्त्र संघटनेच्या (स्थापना १९५०) 'पायलट' संकेतात हे तत्त्व स्पष्ट दिसते. समजा, हैदराबादचा अहवाल ६५००१ ४३१२८ ९०३४६ २५५२५ २७०३० २६५३८ असा आहे. पहिल्या गटातील ६५ म्हणजे १५ तारीख. वेग नॉट ह्या एककात असल्यास तारखेत ५० मिळवितात. पुढील ०० ही ग्रिनिच वेळ, म्हणजे भारतीय पहाटेचे ५·३० होत. शेवटचा १ प्रकाशीय थिओडोलाइट दर्शवितो. ४३१२८ हा हैदराबाद केंद्राचा क्रमांक होय. ९०३४६ ह्या गटातील ९ वरून उंची ३०० मी.च्या पटींत असल्याचे कळते. ३, ४ व ६ म्हणजे ९००, १,२०० व १,८०० मी. त्यानंतरचे तीन गट ह्या उंचींवरील वारे अनुक्रमे देतात.

दिशा जवळच्या पाच अंशांपर्यंत धरून तिचे पहिले दोन अंक गटाच्या आरंभी लिहितात. दिशेचा तिसरा अंक ५ असल्यास वेगात ५०० मिळवितात. म्हणून २५५२५ म्हणजे २५५ अंशांकडून येणारा २५ नॉट वेगाचा वारा, तर २७०३० म्हणजे थेट पश्चिमेचा ३० नॉट वेगाचा वारा. वाऱ्याची दिशा तो जिकडून येतो तिच्यावरून सांगतात.

चुका व पडताळा : ह्या रचनेत काही चुका आपोआप उघड होतात. दिशेचे अंक ३६ हून अधिक असू शकत नाहीत. ते अधिक आढळल्यास गट सदोष ठरतो. मात्र तारखेत ५० मिळविण्याचे राहिले, तर ३० नॉट हा वेग सेकंदास ३० मी., म्हणजे सु. ५८ नॉट, असा वाचला जाईल आणि गट वरकरणी निर्दोषच दिसेल. अशा वेळी शेजारच्या केंद्रांशी व आधीच्या वेधांशी तुलना करूनच चूक हेरावी लागते.

वेधांतून झालेला बोध : ह्या अंकांच्या संचयातून मॉन्सूनची रचना उलगडली. उन्हाळी मॉन्सूनमध्ये द्वीपकल्पावर सु. १४ ते १६ किमी. उंचीवर पूर्वेकडून वाहणाऱ्या जेट प्रवाहाचे विवेचन पी. कोटेश्वरम् ह्यांनी १९५८ मध्ये केले. १९६६ मध्ये पी. व्ही. जोसेफ व पी. एल्. रामन ह्यांनी जुलैमध्ये द्वीपकल्पावर सु. १·५ किमी. उंचीवर पश्चिमेचा जेट प्रवाह असल्याचे दाखविले. लातूर समुद्रसपाटीपासून सु. ६३० मी. उंच असल्याने हा थर त्याच्यापासून सु. ९०० मी.च वर येतो. बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचा पट्टा पश्चिमेकडे सरकतो, तेव्हा नागपूरचे गट ०९ ने व हैदराबादचे २७ ने सुरू होऊ लागतात. उत्तरेस पूर्वेचा व दक्षिणेस पश्चिमेचा वारा ही दोहोंमधील चक्रीय अभिसरणाची खूण असते. असे अभिसरण पश्चिमेकडे आल्यास नांदेड परिसरात चांगल्या पावसाची शक्यता निर्माण होते. उंचीगणिक वाऱ्यात होणारा बदल गारपिटीच्या अंदाजातही महत्त्वाचा ठरतो. फेब्रुवारीअखेरीपासून मार्च २०१४ च्या मध्यापर्यंत मराठवाड्यात झालेल्या गारपिटीने रब्बी पिकांची मोठी हानी केली होती.

नंतरची स्थित्यंतरे : उपग्रहांच्या साहाय्याने स्थान ठरविणारे रेडिओसाँड आल्यावर वाऱ्याचे मापन अधिक सूक्ष्म झाले. पाच अंकांच्या गटांत ही माहिती पुरेशी मावत नसल्याने 'बफर' ह्या द्विमान पद्धतीतील संकेताचा स्वीकार करण्यात आला. त्यात फुग्याचे प्रत्येक वेळचे स्थानही नोंदविता येते. ह्या स्थित्यंतरासाठी नोव्हेंबर २०१४ ही मुदत ठरली होती. तरी जुने गट अनेक ठिकाणी त्यानंतरही वापरात राहिले. गेल्या अनेक दशकांतील वाऱ्यांचा इतिहास मुख्यत्वे ह्याच गटांत साठलेला आहे. मराठवाड्यातील अवर्षणाच्या वर्षांचा आज अभ्यास करताना वेध घेणाऱ्यांनी आणि तारा पाठविणाऱ्यांनी त्या काळी राखलेल्या अचूकतेवरच विसंबावे लागते.