तारू की पेटी?

भिवंडीच्या खाडीकाठी राहणाऱ्या माझ्यासारख्या शाळामास्तराला ‘तारू’ म्हटले की शीड दिसते, सुकाणू दिसते, तांडेल दिसतो. मराठी बायबलातला नोहा जलप्रलयातून वाचतो तो तारवात बसून. मूळ हिब्रू शब्द मात्र ‘तेवा’, म्हणजे पेटी. लांबी ३०० हात, रुंदी ५०, उंची ३०. पण शिडासुकाणूचा कथेत उल्लेखच नाही! हा शब्द बायबलात आणखी एकाच कथेत येतो: तान्ह्या मोशेला नाईलकाठच्या लव्हाळ्यात ठेवले, त्या पेटाऱ्यासाठी. सहाशे वर्षांचा म्हातारा आणि तीन महिन्यांचे बाळ. दोघांच्याही हाती सुकाणू नाही. ‘तारू’ म्हणताच नोहा तांडेल होतो आणि हे नाते तुटते.

अशा शब्दांसाठीच मुळाकडे जावे लागते. कोकणातल्या बेने इस्रायलांसाठी जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीतून लिहिले. पंडिता रमाबाईंनी उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकून केडगावी सबंध बायबल मराठीत आणले.

तरीही जुन्या भाषांतरकाराला दोष देणे मला जमत नाही. पेटी हरवली खरी. पण ‘तारू’ शब्दात आपले ‘तारणे’ आहे, आणि कथा तर तारण्याचीच!