रोग्याचें दप्तर



हिंगोली जिल्ह्यांतील औंढ्याचें नागनाथाचें देऊळ आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. काळ्या दगडांच्या अशा जुन्या देवळांना आपण सरसकट हेमाडपंती म्हणतों. ज्याच्या नांवावरून हा शब्द रूढ झाला, तो हेमाद्रि तेराव्या शतकांत देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादव राजांचा श्रीकरणाधिप, म्हणजे सरकारी दप्तराचा मुख्य अधिकारी होता. मोडी लिपीचा प्रसारही परंपरा त्याच्याच नांवावर मांडते. त्याची दुसरी ओळख मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’वर त्यानें ‘आयुर्वेदरसायन’ नांवाची टीका लिहिली. दप्तर आणि वैद्यक या दोन विद्या अशा रीतीनें एका माणसाच्या ठायीं एकत्र आल्या. परंतु आपल्या खेड्यापाड्यांत त्यांची गांठ पडावयास पुढें कित्येक शतकें जावीं लागलीं.

याचें कारण शोधावयास फार दूर जावें लागत नाहीं. लिहिणाऱ्याला जो मोबदला देतो, त्याला हवें तेंच लिहिलें जातें. गांवच्या कुलकर्ण्याला वतन होतें, जमीन होती, हक्क होते. म्हणून कोणत्या शेताचा सारा किती, कोणाकडे बाकी किती, हें त्याच्या बाडांत बिनचूक सांपडे. त्याच गांवांत पटकीनें किती माणसें दगावलीं, हें लिहिण्याबद्दल त्याला कोणी कांहीं देत नव्हतें. राज्याला साऱ्याची गरज होती, म्हणून साऱ्याची नोंद झाली. दुखणें ज्याचें त्याच्यापाशीं राहिलें.

खुद्द हिंगोली शहराच्या इतिहासांत याचें आणखी एक उदाहरण आहे. एकोणिसाव्या शतकांत येथें हैदराबाद कंटिन्जंट या निजामाच्या खर्चानें पोसलेल्या व इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील फौजेची छावणी होती. सन 1903 मध्यें ती फौज हिंदुस्थानच्या लष्करांत विलीन झाली. इंग्रजी लष्कराच्या रिवाजाप्रमाणें आजारी शिपायांची मोजदाद होत असे. कारण आजारी शिपाई म्हणजे रिकामी बंदूक, आणि तिचा हिशेब सरकारला हवा असे. छावणीच्या वेशीबाहेरच्या शेतकऱ्याच्या तापाचा हिशेब मागणारें कोणी नव्हतें.

पुढें राज्यें बदललीं. सन 1948 मध्यें हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें. 1956 मध्यें मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला. 1960 मध्यें महाराष्ट्र झाला. आणि 1 मे 1999 रोजीं परभणीपासून हिंगोलीचा स्वतंत्र जिल्हा निघाला. जन्ममृत्यूच्या नोंदीसाठीं 1969 चा कायदा आला. परंतु जन्म आणि मृत्यु यांच्या मधल्या आयुष्यांत माणूस कितीदां व कशानें आजारी पडला, ही हकीकत केसपेपरच्या कपट्यांतच राहिली. तो कपटा रोग्यानें पिशवींत जपावा. हरवला तर नव्या डॉक्टरपुढें पहिल्यापासून सगळें सांगावें. स्मृति हेंच त्याचें दप्तर.

या स्थितींत पहिला मोठा बदल राज्याच्या आरोग्य योजनेनें घडविला. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 2012 च्या जुलैंत आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि 2013 च्या नोव्हेंबरांत हिंगोलीसह सर्व राज्यांत लागू झाली. 2017 पासून तिला महात्मा जोतिबा फुले यांचें नांव आहे. या योजनेंत रोग्यानें रोख पैसा द्यावयाचा नसतो. रुग्णालयाला तो सरकारकडून मिळतो. मात्र शस्त्रक्रियेची पूर्वपरवानगी आणि खर्चाची मागणी संगणकावरून करावी लागते. नोंद नाहीं तर पैसा नाहीं. जुनेंच तत्त्व येथें नव्या रूपानें दिसलें. फरक इतकाच, कीं आतां शेताऐवजीं देहाची नोंद होऊं लागली.

27 सप्टेंबर 2021 रोजीं आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा देशभर आरंभ झाला. ज्या नागरिकाची इच्छा असेल त्याला ‘आभा’ नांवाचा चौदा आंकडी क्रमांक मिळतो. निरनिराळ्या दवाखान्यांतील त्याच्या नोंदी त्या क्रमांकाशीं जोडतां येतात, आणि त्याच्या संमतीनें दुसऱ्या डॉक्टरला दाखवितां येतात. परंतु नोंद करावयाची कोणीं? रांगेंत पन्नास माणसें उभीं असतां टंकलेखन करीत बसण्यास डॉक्टर सहसा तयार होत नाहीं. म्हणून 1 जानेवारी 2023 पासून केंद्र सरकारनें प्रोत्साहनाची योजना काढली. दहा किंवा अधिक खाटांचीं रुग्णालयें, रोगनिदानाच्या प्रयोगशाळा आणि त्यांना संगणकाची प्रणाली पुरविणारे व्यावसायिक यांना तींत स्थान होतें. ठराविक किमान संख्येच्या वर जितक्या नोंदी ‘आभा’शीं जोडल्या जातील, तितक्यांवर रुग्णालयास दर नोंदीमागें 20 रुपये, आणि एकंदर जास्तींत जास्त चार कोटि रुपये, असें तिचें स्वरूप होतें. हें नव्या युगाचें वतनच म्हणावयाचें!

अमेरिकेनें ही वाट आपल्या आधीं चोखाळली. तेथें 2009 मध्यें कायदा होऊन, संगणकावर नोंदी ठेवून त्यांचा सार्थ उपयोग करणाऱ्या डॉक्टरास वृद्धांच्या सरकारी विमा योजनेंतून पांच वर्षांत 44,000 डॉलरपर्यंत रक्कम देऊं केली. रुग्णालयांत संगणक भराभर आले. परंतु डॉक्टरांची दृष्टि रोग्यावरून पडद्याकडे वळल्याची तक्रारही आली, आणि एका रुग्णालयाची नोंद दुसऱ्याला वाचतां येईना, हेंही कळून आलें. पैशानें यंत्र आलें. संवाद आपोआप आला नाहीं. नोंद वाटेंत अडूं नये म्हणून सामाइक क्रमांकाशीं जोडण्यावरच आपल्याकडे मोबदला ठेवला गेला, ही गोष्ट चांगली झाली. परंतु मोबदला संख्येवर ठेवला, कीं संख्या वाढते. वाढलेल्या संख्येनें रोगी बरा होतोच असें नाहीं.

हिंगोलीच्या दृष्टीनें यांत खरा प्रश्न कोठें आहे? सन 2011 च्या शिरगणतीप्रमाणें जिल्ह्याची वस्ती 11,77,345 होती, आणि तींतील शंभरांपैकीं सुमारें पंचाऐंशी माणसें खेड्यांत राहणारीं. सेनगांव किंवा कळमनुरी तालुक्यांतील आजाऱ्याची पहिली धांव बहुधा एका खोलीच्या दवाखान्याकडे असते; तेथें दहा खाटा कोठून येणार? शिवाय दिवाळीच्या सुमारास या भागांतील पुष्कळ कुटुंबें ऊसतोडीला परजिल्ह्यांत जातात आणि उन्हाळा लागतां परततात. बरोबर एखादी गरोदर बाई असते, तिच्या कडेवर लस अर्धी टोंचलेलें मूल असतें. कोपीवर ओल लागून कार्ड भिजलें, कीं त्या मुलाचा सारा पूर्वेतिहास गेला. दप्तराची सर्वांत अधिक गरज या माणसांना आहे, आणि अशा दप्तराचा लाभ सर्वांत शेवटीं त्यांनाच पोंचण्याचा धोका आहे.

म्हणून प्रोत्साहन द्यावें, पण तें योग्य जागीं द्यावें. हिंगोलींत टोंचलेल्या लसीची नोंद कोल्हापूर-सांगलीच्या फडाजवळच्या दवाखान्यांत वाचली गेली आणि तिच्या आधारें पुढची लस मिळाली, तर त्या वाचण्याचेंही मोल करावें. एका खोलीच्या दवाखान्यालाही त्यांत वांटा असावा. आणि रोग्याची संमति त्याला समजेल अशा मराठींत घ्यावी. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें 2017 मध्यें दिला आहे, आणि ऊसतोड करणाऱ्या बाईचा तो हक्क कोणापेक्षां तिळभरही कमी नाहीं.

कुलकर्ण्याचें बाड राजासाठीं होतें, छावणीची मोजदाद फौजेसाठीं होती. आतां प्रथमच रोग्यासाठीं दप्तर मांडलें जात आहे. त्या दप्तराचा धनी रोगीच राहील, इतकी काळजी आपण घेतली, तर त्यावर खर्च झालेला पैसा सत्कारणीं लागला असें पुढचा इतिहासकार लिहील.