दोन भूतकाळ आणि एक परदेशस्थ व्याकरणकार

टेक्ससला आल्यावर मी स्पॅनिश शिकायला लागले आणि दोन भूतकाळांपाशी अडले. 'ती गायली' म्हणजे 'कान्तो' आणि 'ती गायची' म्हणजे 'कान्ताबा'. ही जोडी लॅटिनमधून आलेली आहे. 'कान्तावित'चं झालं 'कान्तो' आणि 'कान्ताबात'चं 'कान्ताबा'.

कास्तिलियनचं पहिलं छापील व्याकरण १४९२ साली आन्तोनियो दे नेब्रिहाने लिहिलं. त्याने या दोन काळांना नावं दिली, संपलेला भूतकाळ आणि न संपलेला भूतकाळ. शिकणाऱ्याचा घोटाळा होतो तो इथेच. आजी गायची ते गाणं तरी आज कुठे चालू आहे?

याचं चांगलं उत्तर मला आन्द्रेस बेयोकडे मिळालं. हा काराकासचा माणूस १८१० मध्ये स्वातंत्र्यवाद्यांच्या शिष्टमंडळाबरोबर लंडनला गेला आणि १८२९ पर्यंत तिथेच राहिला. पुढे तो चिलीत स्थायिक झाला. मायदेशी परतणं त्याला कधीच जमलं नाही. लॅटिनसारखी स्पॅनिशही फुटून तिच्या अनेक भाषा होतील, या काळजीने त्याने १८४७ साली अमेरिका खंडातल्या आपल्या भाषाबांधवांसाठी व्याकरण लिहिलं. 'कान्ताबा'ला त्याने 'कोप्रेतेरितो' म्हटलं, म्हणजे सहभूतकाळ. क्रिया संपली की नाही हा प्रश्न नाही. भूतकाळातल्या दुसऱ्या एखाद्या क्षणी ती चालू होती का, एवढंच पाहायचं. मेक्सिकोतल्या शाळांत हे नाव आजही चालतं.

मराठी माणसाला हे समजायला इंग्रजीच्या वाटेने जावं लागत नाही. 'मी पोहोचले तेव्हा आई पोळ्या लाटत होती.' पोहोचणं पहिल्या काळात, लाटणं दुसऱ्या. 'मला माहीत होतं' म्हणजे 'साबीया', 'मला कळलं' म्हणजे 'सुपे'. स्पॅनिशमध्ये दोन्हींना एकच क्रियापद पुरतं.

एका ठिकाणी मात्र आपली मराठी फसवते. 'मी पुण्यात चोवीस वर्षं राहत होते' असं आपण सहज म्हणतो. स्पॅनिशमध्ये एकूण मुदतीचा आकडा सांगितला, की साधारणपणे पहिलाच काळ येतो: 'विवी', राहिले. आकडा नसेल तर 'विवीया', राहायचे.

वर्गात पुण्याबद्दल लिहायला सांगितलं, तेव्हा मी सगळं 'राहायचे, जायचे, खायचे' असंच लिहिलं. बाईंनी एकाच वाक्याला खूण केली, चोवीस वर्षांच्या. तिथे 'विवी' लिहिताना हात जरा थांबला. व्याकरण बरोबर होतं.