जाळीची कुळकथा

पिठाच्या गिरणीत मोटरीवरून फिरणाऱ्या पट्ट्याला लोखंडी जाळी असते, कुणाचा पदर त्यात जाऊ नये म्हणून. या जाळीची सक्ती जुनी आहे. इंग्लंडच्या १८४४ च्या फॅक्टरी कायद्याने कापड गिरण्यांच्या मालकांना बजावलं, की मुलं जिथून ये-जा करतात तिथली फिरती चाकं आणि दांडे बंदिस्त करा. ‘पोर जपून का चाललं नाही?’ हा प्रश्न तिथे मागे पडला आणि ‘मालकाने जाळी का बसवली नाही?’ हा पुढे आला. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने तेच बंधन घातलं.

माणसाच्या हातापासून आणि जिभेपासून माणसाला वाचवणंही मालकाचंच काम, हे उमगायला मात्र फार काळ गेला. तोवर ‘सांभाळून राहा’ हा सल्ला बाईलाच मिळत होता.

आपल्याकडे ही समज आली ती एका बाईच्या यातनांतून. राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवी सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ होत्या. बालविवाह थांबवणं हे त्यांचं काम. एका तान्ह्या मुलीचं लग्न रोखायला त्या गेल्या आणि सप्टेंबर १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. वैर कामातून आलं होतं, काम सरकारचं होतं. संरक्षण मात्र कुणाचंच नव्हतं. १९९५ मध्ये खालच्या न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं. हे लिहिताना आजही संताप येतो.

महिला संघटना त्याआधीच सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध देशात कायदाच नव्हता, म्हणून न्यायालयाने स्त्रियांवरील भेदभावाविरुद्धच्या, भारताने १९९३ मध्ये मान्य केलेल्या आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेतला. १३ ऑगस्ट १९९७ च्या निकालाने सांगितलं, की छळ होऊच नये याची तजवीज करणं हे मालकाचं कर्तव्य आहे. तक्रार समिती हवी, अध्यक्ष बाई हवी, एक माणूस बाहेरचा हवा. २०१३ च्या कायद्याने तिला अंतर्गत तक्रार समिती म्हटलं, तरी कचेऱ्यांत ती अजून ‘विशाखा समिती’च आहे. विशाखा हे पीडितेचं नाव, असं अनेकांना वाटतं. ते याचिका करणाऱ्या संस्थेचं.

यंत्रापासून संरक्षण आणि छळापासून संरक्षण, या दोन्ही वाटा जिनिव्हात एकत्र आल्या. २१ जून २०१९ रोजी, शताब्दी वर्षात, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने ४३९ विरुद्ध ७ मतांनी करार क्रमांक १९० मंजूर केला. त्याच्या नवव्या कलमात ती जुनी जाळीच दिसते. मालकाने कामगारांशी बोलून धोरण ठरवावं, हिंसा आणि छळ यांना कामावरच्या इतर धोक्यांसारखंच आधी हेरावं, आटोक्यात आणावं आणि माणसांना तशी माहिती व प्रशिक्षण द्यावं. तक्रार येईपर्यंत थांबायची मुभा त्यात नाही. पुरुष, शिकाऊ, कामावरून काढलेला, कामासाठी अर्ज केलेला, सगळेच त्या छत्राखाली येतात. भारताने या कराराला अजून मंजुरी दिलेली नाही.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते तिसरं कलम. कामाची जागा म्हणजे फक्त टेबल आणि यंत्र नव्हे, हे ते नाव घेऊन सांगतं: पगार घेण्याची जागा, डबा खाण्याची, कपडे बदलण्याची, संडास, मोरी, घरी जाण्याची वाट, फोनवरचा संदेश. आणि विसाव्याची जागा. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या एका सरकारी रुग्णालयात रात्रपाळीतली तरुण डॉक्टर सेमिनार हॉलमध्ये विसावली होती. तिथेच तिच्यावर बलात्कार करून तिचा खून झाला.